चेंडू थकतो कुठं? पटिंगचं गणित, सोप्या भाषेत

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पेपरात छापून यायला लागला की नाशिकला सकाळी गोल्फ कोर्सच्या ग्रीनवर जायची खरी मजा असते, कारण सगळं गवत दवाने पांढरट झालेलं असतं आणि त्यावरून चेंडू गेला की मागे एक गडद हिरवी रेघ उमटते. चेंडू नेमका कुठून गेला ते अगदी कागदावर पेनाने काढल्यासारखं दिसतं. मला पटिंग पहिल्यांदा खरं समजलं ते त्या रेघेमुळे. बारा फुटांचा पट होता, म्हणजे तेवढ्या अंतरावरून चेंडू घरंगळत होलमध्ये घालायचा फटका, उजवीकडून डावीकडे उतार, मी मारला आणि तो होलच्या खालच्या बाजूने निघून गेला, नेहमीसारखा. माझ्या डोक्यात असं होतं की चेंडू धनुष्यासारखा पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखाच वाकत जातो. रेघ बघितली तर पहिले आठ-नऊ फूट जवळपास सरळ आणि शेवटच्या तीन फुटांत विळ्याच्या टोकासारखी वळलेली. आमच्या कोर्सवरचे जुने कॅडी, म्हणजे खेळाडूंची बॅग सांभाळणारे, आहेत, सगळे त्यांना मामाच म्हणतात, ते त्या रेघेच्या बाजूला उकिडवे बसले आणि वळणावर बोट ठेवून म्हणाले, "साहेब, तुम्ही नुसतं होलकडं बघता. चेंडू थकतो कुठं ते बघत जा. थकला की मग तो उताराचं ऐकतो."

हे एक वाक्य नीट समजलं तर पटिंगमधलं निम्मं काम झालं असं मला मनापासून वाटतं, म्हणून ते सोपं करून लिहायचा प्रयत्न करतोय.

आधी ज्यांनी गोल्फ कधी खेळलं नाही त्यांच्यासाठी थोडंसं. नाशिकमध्ये गोल्फ म्हटलं की लोकांना गोल्फ क्लब मैदान आठवतं, म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, तिथे रणजीच्या मॅचेस होतात, पहाटे निम्मं शहर चालायला येतं, पण तिथे आता गोल्फ नाही, नाव तेवढं राहिलंय. खेळात काय असतं तर लांबून चेंडू मारत मारत ग्रीनवर आणायचा, ग्रीन म्हणजे एकदम बारीक कापलेल्या गवताचा भाग, आणि तिथून पटर नावाच्या सपाट तोंडाच्या काठीने तो घरंगळत होलमध्ये घालायचा. त्या शेवटच्या कामाला पटिंग म्हणतात. होल ४.२५ इंच रुंद, म्हणजे १०.८ सेंटिमीटर, चेंडू १.६८ इंच. जगात कुठेही जा, हे माप तेच.

आता पार ७२ च्या कोर्सचा, म्हणजे जिथे ७२ फटक्यांत खेळ पूर्ण व्हावा असं धरलेलं असतं त्याचा, हिशोब बघा, त्यात प्रत्येक ग्रीनवर दोन पट धरलेले असतात, १८ ग्रीन, म्हणजे ३६ पट. निम्मा स्कोअर! आणि ज्या ड्रायव्हरसाठी, म्हणजे लांब मारायच्या काठीसाठी, आपण इतका जीव टाकतो, तो एका राऊंडमध्ये फार तर चौदा वेळा हातात येतो. तरी प्रॅक्टिसला गेलं की सगळे रेंजवर, म्हणजे लांब फटक्यांच्या सरावाच्या जागी, उभे राहून धाडधाड मारत असतात आणि पटिंग ग्रीन रिकामं. ताकदीचा इथे संबंधच नाही, साठीतला माणूस आणि पंचविशीतला पोरगा एका पातळीवर येतात ते याच जागी. आपली भारताची गोल्फपटू अदिती अशोकचं उदाहरण आहेच की. टोकियो ऑलिम्पिकमध्ये, ऑगस्ट २०२१ मध्ये, तिचा ड्राईव्ह बऱ्याच जणींपेक्षा कमी लांब जात होता, तरी ती चार दिवस जगातल्या अव्वल खेळाडूंच्या खांद्याला खांदा लावून होती ती मुख्यतः पटिंगच्या जोरावर, आणि ब्राँझ गेलं ते फक्त एका स्ट्रोकने. ती चौथी आली तेव्हा ज्यांना बर्डी म्हणजे काय हे माहीत नव्हतं तेही टीव्हीसमोर बसले होते.

तर मामांच्या वाक्याकडे परत येऊ. चेंडू घरंगळताना गवत त्याला सतत मागे ओढत असतं आणि ही ओढ पहिल्यापासून शेवटपर्यंत साधारण सारखीच असते. शाळेतलं गतीचं समीकरण आठवत असेल तर त्यातून एक भारी गोष्ट निघते. शेवटचं पाव अंतर कापायला चेंडूला एकूण वेळेच्या निम्मा वेळ लागतो. परत वाचा, कारण मला स्वतःला हे पहिल्यांदा पटलं नव्हतं. बारा फुटांचा पट असेल तर पहिल्या नऊ फुटांना जेवढा वेळ तेवढाच शेवटच्या तीन फुटांना. आता उतार तर पूर्ण वाटेवर सारखाच खाली ओढतोय, पण सुरुवातीला चेंडू जोरात असतो आणि पटकन निघून जातो, उताराला त्याच्यावर काम करायला वेळच मिळत नाही. शेवटी तो हळू होतो, रेंगाळतो, आणि मग उतार त्याला निवांत खाली नेतो. म्हणून रेघ शेवटी वाकते, आणि म्हणून होलच्या आजूबाजूचे तीन फूट हे ग्रीनवरचे सगळ्यात महत्त्वाचे तीन फूट. चेंडूजवळ बसून एक डोळा मिटून कितीही बघा, तिथला उतार फारसा कामाचा नाही. उठून होलपाशी जायचं आणि तिथे काय चाललंय ते बघायचं.

यातूनच पुढची गोष्ट येते. लोक विचारतात, "किती ब्रेक धरायचा?", म्हणजे होलच्या किती बाजूला नेम धरायचा. या प्रश्नाला एक उत्तर नाहीच, कारण ते तुम्ही चेंडू किती जोरात मारणार त्यावर आहे. जोरात मारला तर कमी वाकेल, हळू मारला तर जास्त. म्हणजे आधी वेग ठरवायचा आणि मग लाईन, म्हणजे चेंडूची वाट. आपण बहुतेक सगळे उलटं करतो, पाच मिनिटं लाईन बघतो, आणि वेग ऐनवेळी हातातून जो निघेल तो. मग लाईन बरोबर असूनही चेंडू खालून जातो आणि आपण म्हणतो की वाचायला चुकलो. वाचायला नाही चुकलो, वेग चुकला.

मग जोरातच का मारू नये, वाकायची भानगडच नको? ज्यांनी कॅरम खेळलाय त्यांना हे लगेच कळेल. सोंगटी नेमकी पॉकेटच्या तोंडाशी गेली तरी फार जोरात असली तर आपटून परत बाहेर. होलचंही तसंच. चेंडू होलवर आला की तो खाली पडायला थोडा वेळ लागतो, निदान अर्धा चेंडू तरी कडेच्या खाली जायला पाहिजे, आणि तेवढं पडायला लागतो सेकंदाचा साधारण पंधरावा भाग. तेवढ्यात तो होल ओलांडून पलीकडे पोचला तर संपलं. चेंडू बरोबर मधून आला तर त्याला पूर्ण रुंदी मिळते, कडेने आला तर कमी जागा मिळते, म्हणजे वेग जितका जास्त तितकं होल लहान होत जातं. माप तेच, पण चेंडूसाठी लहान. मी मध्यम वेगाच्या ग्रीनसाठी हिशोब करून बघितला, होल नसतं तर जो चेंडू साडेचार फूट पुढे गेला असता तो होलच्या बरोबर मधून आला तरी जेमतेम पडतो, त्याहून जोरात असेल तर पलीकडच्या कडेला आपटून आत पडला तरच. आणि दोन इंच कडेला असला तर विसराच.

दुसऱ्या टोकाला, अगदी मरत मरत होलपाशी येणारा चेंडू. त्याला होल पूर्ण मोठं मिळतं, पण तो शेवटच्या वितीत गवताच्या प्रत्येक काडीचं ऐकतो. डेव्ह पेल्झ म्हणून एक माणूस होता, आधी नासामध्ये शास्त्रज्ञ, मग सगळं सोडून आयुष्यभर पटिंग मोजत बसला. त्याच्या एक लक्षात आलं, सगळे खेळाडू होलमधून चेंडू काढताना अगदी कडेवर पाय देत नाहीत, थोडं लांब उभे राहतात, त्यामुळे होलभोवती एक कडं तयार होतं जिथे पावलांनी गवत खालीवर दबलेलं असतं. मरतुकडा चेंडू नेमका त्याच कड्यात फिरतो. त्याने सांगितलेलं माप असं की चुकलेला चेंडू होलच्या १७ इंच पुढे जाऊन थांबेल असा वेग चांगला. १७ इंच म्हणजे हाताच्या कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, साधारण एक हात. हे माप मी कायम वापरतो, होलच्या मागे एक हात अंतरावर चेंडू थांबलेला डोळ्यासमोर आणायचा आणि मग मारायचा. तीव्र उतारावर खाली मारताना मात्र एक हात जास्त होतो, तिथे वीतभर धरावा.

आता हा वेग हातात आणायचा कसा. आपण चूक कुठे करतो तर लांबच्या पटला जोर लावतो आणि जवळच्याला हात आखडतो. झोपाळ्याचा विचार करा. झोका लहान असो की मोठा, जायला-यायला वेळ जवळपास तेवढाच लागतो, फक्त मोठ्या झोक्यात वेग जास्त असतो. पटरचंही तसंच ठेवायचं, लय एकच, फक्त मागे किती न्यायचा ते कमी-जास्त. मनात "ए-क, दो-न" म्हणत मारलं तरी चालतं, मागे जाताना एक, चेंडूला लागताना दोन. खांद्यातून हलायचं, मनगटं शांत. सगळ्यात वाईट सवय म्हणजे पटर लांब मागे न्यायचा आणि मग घाबरून चेंडूपाशी ब्रेक मारायचा, यात वेगही जातो आणि दिशाही जाते. मागे थोडा कमी न्या पण पुढे मोकळा जाऊ द्या.

प्रॅक्टिससाठी होल लागतच नाही, उलट सुरुवातीला नसलेलाच बरा. ग्रीनवर १०, २० आणि ३० फुटांवर टी, म्हणजे चेंडू ठेवायच्या छोट्या खुंट्या, खोचायच्या, तीन चेंडू घ्यायचे आणि एक दहाला, एक वीसला, एक तीसला असं मारायचं, परत उलट क्रमाने. एकाच अंतरावरून दहा चेंडू मारत बसू नका, कारण तिसऱ्या चेंडूनंतर हाताला ते आपोआप कळतं आणि आपल्याला उगाच वाटतं की जमलं, पण कोर्सवर तर प्रत्येक पट पहिलाच असतो ना. आणि अजून एक, चेंडू मारल्यावर लगेच वर न बघता आधी मनात सांगायचं, "कमी", "जास्त" किंवा "बरोबर", आणि मग बघायचं. पंधरा दिवसांत हात आणि डोकं एकमेकांशी बोलायला लागतात. माझे एका ग्रीनवर तीन-तीन पट व्हायचे ते याच एका सवयीने कमी झाले, त्याआधी मी तीन वर्षांत दोन पटर बदलले होते आणि काहीच फरक पडला नव्हता.

ग्रीन किती फास्ट आहे हे पण समजून घ्यावं लागतं. कॅरमवर बोरिक पावडर टाकली की स्ट्रायकर सुसाट आणि पावडर उडाली की जड, अगदी तसं. हे मोजायचं एक साधन आहे, स्टिम्पमीटर. एडवर्ड स्टिम्पसन नावाच्या अमेरिकन हौशी खेळाडूने १९३५ ची यूएस ओपन ही गोल्फची मोठी स्पर्धा ओकमाँटच्या कोर्सवर बघितली, तिथली ग्रीन्स भयंकर फास्ट होती, आणि ती किती फास्ट हे आकड्यात सांगता यावं म्हणून त्याने ते बनवलं. साधी तीन फुटांची पन्हाळीसारखी पट्टी असते, त्यात खाचेत चेंडू ठेवायचा, पट्टी हळूहळू उचलायची, एका ठरावीक चढाला चेंडू सुटतो आणि जमिनीवर जितके फूट जाईल तो त्या ग्रीनचा आकडा. आधी एका दिशेने आणि मग उलट दिशेने मोजून सरासरी काढतात. साध्या क्लबवर ८-९ असतो, मोठ्या स्पर्धांना १२ किंवा त्याहूनही जास्त. आपल्याला मोजत बसायची गरज नाही, पण राऊंडच्या आधी दहा मिनिटं पटिंग ग्रीनवर घालवली तर त्या दिवसाचा आकडा पायाला आणि हाताला कळतो. पावसाळ्यात तर आपल्याकडे गवत ओलं, वाढलेलं, नीट कापताही येत नाही, तेव्हा मार्चमधला हात घेऊन ऑगस्टमध्ये खेळलात तर सगळे पट अर्ध्यात थांबणार.

चढ-उताराचा आकडा तर मला फारच डोळे उघडणारा वाटला. समजा आकडा ९ आहे, म्हणजे सपाटीवर चेंडू नऊ फूट जातो. आता फक्त २ टक्के उतार घ्या, एका मीटरला दोन सेंटिमीटर, उभं राहिलं तर डोळ्याला धड दिसतही नाही. तेवढाच जोर लावला तर वर जाताना चेंडू साधारण सात फुटांवर थांबतो आणि खाली जाताना साडेअकरा फुटांच्या पुढे जातो! म्हणजे चढावर दोन फूट कमी आणि उतारावर अडीच फूट जास्त. म्हणून जाणकार खेळाडू ग्रीनच्या बाहेरून मारतानाच चेंडू होलच्या खाली ठेवायचा प्रयत्न करतात, पुढचा पट चढाचा मिळावा म्हणून.

उतार ओळखायचा कसा, तर याला सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे पाणी. इथे कळशीभर पाणी ओतलं तर कुठे जाईल? आपण नाशिकची माणसं, शहरातला कुठलाही ओहोळ शेवटी गोदेकडेच जातो हे लहानपणापासून बघितलेलं, पूर आला की पाणी कुठल्या गल्लीत आधी शिरणार हे जुन्या लोकांना पाठ असतं. तीच नजर ग्रीनवर लावायची. ग्रीन बांधतानाच पाणी साचू नये म्हणून ठरवून उतार दिलेले असतात. ग्रीनकडे चालत येताना लांबूनच बघायचं की एकूण जमीन कुठे झुकलीये, कारण वर चढलं की ते कळेनासं होतं. मग चेंडू आणि होलच्या मधोमध, उताराच्या खालच्या बाजूला उभं राहून बघायचं, पुस्तक जसं थोडं तिरकं धरून वाचतो तसं खालून उतार जास्त स्पष्ट दिसतो. आणि होलपाशी दोन्ही पाय फाकवून उभं राहिलं की कुठल्या पायावर वजन जास्त पडतंय ते जाणवतं, डोळा फसतो पण तळपाय सहसा फसत नाहीत. फक्त कोणाच्या लाईनवर पाय देऊ नका, ते अगदी वाईट दिसतं.

आपल्याकडच्या उष्ण हवामानात ग्रीनवर बर्म्युडा जातीचं गवत फार वापरतात आणि ते एका बाजूला झोपून वाढतं. त्याला ग्रेन म्हणतात, कपड्याच्या लवेसारखं. वेल्व्हेटवर हात फिरवला की एका बाजूने चमकतं, उलट फिरवला की काळसर दिसतं ना, तसंच, गवत चमकदार दिसलं तर चेंडू लवेच्या बाजूने चाललाय, जास्त पळेल, काळसर दिसलं तर विरुद्ध, तेव्हा थोडा जास्त जोर. होलच्या कडेला वाकून बघितलं तर एका बाजूची कड थोडी फाटकी, वाळलेली दिसते, ग्रेन त्या बाजूला वाहतोय असं समजायचं. सगळ्या ग्रीनवर हे तितकं ठळक नसतं, बारीक कापलेलं असेल तर फार डोकं लावायचं कारण नाही.

आता जवळचे पट, तीन ते सहा फूट. इथे सगळा खेळ उलटा होतो, वेग मागे पडतो आणि दिशा पुढे येते. चेंडू कुठल्या दिशेला सुटणार हे बहुतांशी एकाच गोष्टीवर ठरतं, चेंडूला लागतानाच्या क्षणी पटरचं तोंड कुठे बघतंय. हात कसा वळला, पटर सरळ रेषेत गेला की थोड्या कमानीत गेला, याचा वाटा बराच कमी आहे, त्यामुळे कमान की सरळ या वादात वेळ घालवू नका. दहा फुटांवर तोंड १ अंशाने वाकडं असेल तर चेंडू होलच्या मध्यापासून २.१ इंच बाजूला जातो, आणि होलची अर्धी रुंदी आहे २.१२ इंच. म्हणजे एक अंश ही शेवटची मर्यादा! घड्याळाच्या तबकडीवर मिनिटांच्या दोन रेघांमध्ये ६ अंश असतात, त्याचा सहावा भाग. तीन फुटांवर मात्र ३ अंशांहून जास्त सूट मिळते. म्हणून तीन फुटांचा पट चुकला तर ते तंत्रापेक्षा घाईमुळे किंवा डोकं आधी वर उचलल्यामुळे जास्त वेळा असतं.

हा एक अंश घरी तपासता येतो आणि त्याला एक रुपया खर्च नाही. ज्यांच्या घरात अजून जुनी शहाबादी फरशी आहे त्यांनी दोन फरश्यांमधली सरळ सांध पकडायची, पटरचं तोंड त्या सांधेला काटकोनात लावायचं. चेंडू सांधेवर ठेवायचा आणि त्याच्या एक फूट पुढे दोन फुलपात्रं अशी ठेवायची की मधलं अंतर ५.३ सेंटिमीटर. चेंडू ४.३ सेंटिमीटर, म्हणजे दोन्ही बाजूंना फक्त अर्धा सेंटिमीटर मोकळा. चेंडू न खणखणता त्यातून गेला तर तुमचा स्ट्रोक १ अंशाच्या आत आहे, म्हणजे सपाट ग्रीनवर दहा फुटांचा सरळ पट आत. माझी मुलगी अभ्यास करता करता आतल्या खोलीतून नुसत्या आवाजावरून मोजायची, "बाबा, दहातले चार." दोन महिन्यांनी दहातले आठ व्हायला लागले. एका वेळी वीस चेंडू पुरे, त्याच्यापुढे लक्ष राहत नाही.

डोळ्यांबद्दलही एक सांगायलाच पाहिजे. कॅनडात कॅलगरी विद्यापीठातल्या जोन व्हिकर्स यांनी खेळाडूंच्या नजरेवर बरीच वर्षं काम केलंय, चांगले पट मारणारे लोक मारायच्या आधी दोन-तीन सेकंद नजर चेंडूवर अगदी स्थिर ठेवतात आणि चेंडू गेल्यावरही क्षणभर तिथेच ठेवतात, नवखे लोक चेंडू-होल-चेंडू-पटर अशी भिरभिरत ठेवतात. हे करून बघायला एकदम सोपं आहे. चेंडूवरचा एक ठिपका निवडायचा, तो बघायचा, मारायचं, आणि चेंडू गेल्यावर खालचं गवत बघत राहायचं. जवळच्या पटला तर होलमध्ये पडल्याचा आवाज कानाने ऐकायचा, डोळ्याने नाही.

पकड कशी, पटर कुठला, यावर मी फार लिहीत नाही. कोणी डावा हात खाली धरतो, कोणी पेनासारखा धरतो, तोंड सरळ येत असेल तर सगळं चालतं. पटर उभं राहिल्यावर डोळे चेंडूच्या बरोबर वर किंवा किंचित आत येतील इतक्या लांबीचा असावा, एवढं बघा. लांब दांड्याचा पटर असेल तर त्याचं टोक किंवा हात पोटाला-छातीला टेकवून मारायचं नाही, हे १ जानेवारी २०१६ पासून बंद झालंय. आणि २०१९ पासून झेंडा होलमध्ये तसाच ठेवून पट मारायला परवानगी आहे, लाईनवरचे बुटांचे खड्डे दाबून नीट करायलाही, तर याचा फायदा जरूर घ्या.

अपेक्षा मात्र खऱ्या ठेवा, कारण मी बघतो की चांगले चांगले लोक स्वतःवर फार चिडतात. कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी अमेरिकेतल्या पीजीए टूरच्या, म्हणजे व्यावसायिक खेळाडूंच्या स्पर्धांमधल्या, लाखो फटक्यांचा हिशोब मांडला. त्यात जगातले सर्वोत्तम खेळाडू तीन फुटांवरून साधारण ९६ टक्के पट घालतात, पण आठ फुटांवरून फक्त निम्मे, आणि वीस फुटांवरून शंभरातले पंधराच्या आसपास. आठ फुटांवर निम्मे! आणि आपण आठ फुटांचा चुकला की दिवसभर तोंड पाडून फिरतो. नव्वदच्या आसपास स्कोअर करणाऱ्या आपल्यासारख्याची निम्म्याची जागा पाच फुटांवर येते. म्हणून वीस-तीस फुटांवरून आत घालायचा हट्ट सोडून दुसरा पट तीन फुटांच्या आत कसा उरेल हे बघायचं, आणि तिथे परत वेगच लागतो.

उताराच्या पटला अजून एक. चुकायचंच असेल तर वरच्या बाजूने चुका. खालच्या बाजूने गेलेला चेंडू शेवटच्या फुटांत होलपासून लांब लांब जात असतो, त्याला कुठलाच चान्स नाही. वरचा चेंडू निदान होलकडे वळत असतो. आपल्याला जेवढा ब्रेक दिसतो तो जवळजवळ नेहमी कमीच दिसतो, मी तर दिसेल त्याच्या दीडपट धरतो आणि त्या जागेवरचं एखादं पिवळं पान किंवा गवताचा डाग निवडून तिकडे सरळ पट असल्यासारखा मारतो.

थंडी आहे तोवर एकदा तरी सकाळी लवकर जाऊन दवातली रेघ बघाच. चार-पाच चेंडू एकाच जागेवरून वेगवेगळ्या वेगाने मारा, प्रत्येकाची रेघ वेगळ्या ठिकाणी वळलेली दिसेल, जोरातल्याची उशिरा, हळूवाल्याची लवकर. मोबाईलवर फोटो काढून ठेवा, घरी बसून बघायला फार उपयोगी पडतो. ग्रीन कापायला माणूस येईल त्याच्या आधी जावं लागतं, आणि त्याला आधी विचारून ठेवा. फक्त दवात चेंडू जड चालतो हे लक्षात असू द्या, नऊ-साडेनऊला ऊन वर आलं, गवत कोरडं झालं की तेच ग्रीन बरंच फास्ट होतं, तेव्हा राऊंडला जायच्या आधी त्याच जागेवरून परत पाच चेंडू मारा आणि प्रत्येक चेंडू कुठं थकतो तेवढंच बघा.